होडेकरांचा काटा

१

चोराला चोरीतलं काही कळत नसावं, असं आधी सगळ्यांनाच वाटलं.

मिरकरवाड्याच्या बंदरालगत, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात रशीद होडेकर मुलांना बॉक्सिंग शिकवायचा. गुरुवारी संध्याकाळी पाचला त्याने कुलूप उघडलं, तेव्हा दरवर्षी येतात तसे ग्लोव्हजचे सहा कोरे जोड खिळ्यांना लटकत होते. पंखा जागेवर होता. रशीदचं विसरलेलं घड्याळसुद्धा खुर्चीवर टिकटिकत होतं. गेला होता तो फक्त काटा. मासे तोलायचा, गंजका, लोखंडी काटा. भंगारवाल्यानेही तो उचलताना दोनदा विचार केला असता.

"बाई, हे बघा," रशीद दारातच म्हणाला. पंचेचाळीस वर्षांचा तो दणकट माणूस, पण आवाज हरवलेल्या पोरासारखा. "अब्बांचा काटा नेला कुणीतरी."

दमयंतीबाई छत्री दाराला टेकवून आत आल्या. वय बहात्तर. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान आणि गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, तरी दर गुरुवारी इथे यायच्या. रशीदचा नियमच होता, शाळेत जो नापास तो रिंगबाहेर. म्हणून सरावाआधी तासभर बाई गणित घ्यायच्या. रशीदही एके काळी त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

"कुलूप तोडलं नाही ना?"

"नाही. किल्ली पाण्याच्या टाकीमागं खिळ्याला असते. काल सकाळी वजनं घेतली तेव्हा काटा होता. मग मी जो कुलूप लावून गेलो तो आत्ता येतोय."

"खिळा कुणाकुणाला ठाऊक?"

"मला. आपाला." आपा म्हणजे त्याची थोरली बहीण आसिया. "सुजयला, तो वर्षभर इथं शिकवत होता. आणि..." तो अडखळला. "सुर्व्यांच्या गुरूला. कारखाना त्याच्या काकांचा ना. किल्ली तिथं टांगायची सवय त्यांचीच."

काटा उभा होता तिथे चार पायांचे चार गंजके ठसे उरले होते. बाजूला भिंतीवर वजनांचा तक्ता. बाईंना तक्ते वाचायची सवयच होती. पंचवीस मार्चला सानवी ४९.४, नितेश ७१.२, महरीन ४१.०. अठ्ठावीस मार्चला सानवी ४७.९, नितेश ६९.७, महरीन ३९.५. आणि शेवटची ओळ कालची, सानवी ४७.८.

"खाऱ्या हवेने डिजिटल काटा मेला," रशीद सांगू लागला, "म्हणून अठ्ठावीस तारखेला अब्बांचा माळ्यावरनं काढला. आणि बघा ना, तीन दिवस भाट्याच्या वाळूत पळवली पोरांना, कशी घासून निघाली! सानवी परवा चिपळूणला अठ्ठेचाळीस किलोच्या गटात उतरत्येय. विभागाची निवड आहे. गट बदलायला उद्या पाचपर्यंत मुदत आहे, पण गरज काय? दोनशे ग्रॅम हातात आहेत."

तक्ता बघताना बाईंना काहीतरी खुपलं, पायात कुसळ जावं तसं. पण सापडेना.

"मग नवा काटा येईपर्यंत वजन कुठे करणार?"

"आता कशाला? काल झालं की. माझं दुःख वजनाचं नाही हो बाई. त्या काट्यावर अब्बांनी मला रोज सकाळी तोललंय."

२

पोरं सरावाला लागली. सानवी दोरीवर उड्या मारत होती. सोळा वर्षांची, सडसडीत, पण खांदे असे की बघणाऱ्याने वाट द्यावी. बाई आणि रशीद पायरीवर बसले.

"रशीद, अठ्ठ्याण्णव साली नक्की काय झालं होतं? मी कधी विचारलं नाही."

सगळ्या रत्नागिरीला ठाऊक असलेली गोष्ट अशी. रशीद होडेकर आणि गुरुप्रसाद सुर्वे, जिवलग मित्र, दोघे अठरा वर्षांचे, दोघे आपापल्या गटात राज्यात पहिले. वर्तमानपत्रांनी रशीदला 'कोकणचा हातोडा' म्हटलं होतं, दोघांचे फोटो चौकात लागले होते. राष्ट्रीय स्पर्धेला निघाले तेव्हा स्टेशनवर ढोल वाजले. आणि रशीद एकही ठोसा न मारता परत आला. वजनात बाद.

"एक्कावन्नच्या गटात होतो," रशीद म्हणाला. "राज्याला हलका होतो, काही प्रश्न नव्हता. मग अंग भरलं. शेवटचे दोन महिने भात बंद. निघालो त्या सकाळी अब्बांनी तोललं, पन्नास नऊशे. आणि तिथे काट्यावर चढलो तर बावन्न तीनशे!"

"मग?"

"एक तास देतात. दोन स्वेटर घालून पळलो. दोरी मारली. थुंकलो. तोंड कोरडं पडलं तरी थुंकलो. शेवटी गुरूने कात्री आणून माझे केस भादरले, तेवढेच चार ग्रॅम म्हणून." तो हसला, पण डोळ्यांपर्यंत हसू पोचलं नाही. "तरी आठशे ग्रॅम राहिलेच. पेपरात आलं, 'खादाडपणा भोवला'. गुरू दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत हरला. मन थाऱ्यावर नव्हतं त्याचं."

"आणि खाल्लं होतंस काही?"

रशीदने हाताची पट्टी उलगडून पुन्हा गुंडाळली.

"गाडीत गुरूच्या आईने तांदळाचे घावणे दिले होते. दोन खाल्ले. दोनच. पण खाल्ले ना? दोष माझाच. कुणाला कशाला बोलू?"

असं म्हणून तो उठला आणि सानवीचा डावा हात हनुवटीजवळ नीट ठेवून आला. बाई बघत राहिल्या. सत्तावीस वर्षांत या माणसाने कधी कुणाकडे बोट दाखवलं नव्हतं. अकरा वर्षं कुवेतला क्रेन चालवली, साठवलं त्यातून हा आखाडा उभा केला. मुलांकडून दमडी घेत नव्हता. चौकातले फोटो कधीच उतरले होते, माणूस मात्र तेवढाच उंच राहिला होता.

निघताना कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याने बाईंना हाक मारली.

"बाई, काट्याचं विचारताय ना? काल दुपारी सुर्व्यांच्या गुरूचा टेम्पो हय लागला होता. सत्तावीस वर्षं जो ह्या गल्लीत फिरकला नाही, तो!"

३

घरी जायच्या वाटेवर सुजयची जिम लागते. काचेचं दार, आत गारवा. सुजय रशीदकडचं शिकवणं सोडून इथे मालक झाला होता आणि सानवीला आपल्याकडे ओढायचा त्याचा प्रयत्न अख्ख्या गावाला माहीत होता.

"काटा? मी नेऊ?" तो खो खो हसला. "मॅडम, माझ्याकडे बघा केवढा मस्त काटा आहे, दर महिन्याला तपासून घेतो. ते भंगार मी कशाला आणू? सर माणूस सोन्यासारखा आहे, पण जग कुठे गेलंय ते त्यांना कळत नाही. बरं, सानवी कुठल्या गटात खेळत्येय?"

"अठ्ठेचाळीस."

सुजयच्या कपाळावर आठी पडली. "अठ्ठेचाळीस? परवाच दिसली मला. माझा अंदाज सहसा चुकत नाही मॅडम. एकोणपन्नासाच्या खाली नाही ती. पण सर म्हणतात तर असेल."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता बाई जेटीवर होत्या. लिलावाची गर्दी, बर्फाचा चुरा, पापलेटांवर पडलेलं ऊन. टोपल्यांच्या मधोमध आसिया उभी होती, कमरेला पदर खोचून, पन्नाशी ओलांडलेली. होडेकरांचा धंदा वडिलांमागे तिनेच चालवला होता.

"या बाई. सौंदाळे देऊ ताजे?"

"नंतर. तुझं काम बघू दे जरा."

आसियाने रिकामी टोपली काट्यावर ठेवली, बटण दाबलं, आकडा शून्यावर आला. मग टोपलीत मासे ओतले.

"टोपली आधी का गो?"

"टोपली वजा नको करायला? नाहीतर गिऱ्हाईक टोपलीसकट मोजून घेईल का? पाणीबिणी धरून दीड किलो सरळ कापायचा, इथला रिवाजच आहे तो."

"आणि बटणं नव्हती तेव्हा? तुझ्या वडिलांच्या वेळी?"

आसियाचा हात हवेतच थांबला. मग ती घाईघाईने मासे सारखे करू लागली.

"तेव्हाचं तेव्हा. आता कुणाला आठवतंय."

"बरं. रशीदकडचा काटा गेला, ते कळलं का?"

"कळलं." ती वर न बघता म्हणाली. "आमच्या अब्बांचा काटा खोटा नव्हता बाई. कुणाला एक ग्रॅम कमी तोललं नाही त्यांनी. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे."

"मी कुठे काय म्हटलं?"

आसियाने पुढची टोपली ओढली. बाई वळल्या. आसियाच्या खोपटीचं दार उघडं होतं आणि आत, छपराला टेकेल एवढा, जाळ्यांचा ढीग पडला होता. बाहेर समुद्रात आसियाच्या मुलाची होडी गेलेली होती. भर हंगामात जाळी खोपटीत?

बाईंनी घड्याळ बघितलं. साडेआठ. आणि त्यांना अजून गुरूला भेटायला पावसला जायचं होतं.

४

पावसच्या दुपारच्या एस.टी.तून उतरून बाई सुर्व्यांच्या कलमांच्या बागेत पोचल्या तेव्हा गडी लांब काठीला जाळी लावलेल्या घळाने आंबे उतरवत होते. झाडाखाली पेंढ्यात फळं लावून ठेवली होती. गुरुप्रसाद सुर्वे चष्मा कपाळावर चढवून एकेक आंबा निवडत होता. पोट सुटलेलं, केस पांढरे. पण बाईंना बघून उठला तो अजून पावलांच्या चवड्यांवर.

"बाई! अहो, निरोप धाडला असतात तर गाडी पाठवली असती."

"गुरू, बुधवारी दुपारी तुझा टेम्पो रशीदच्या आखाड्यापाशी काय करत होता?"

"माझा? नाही हो. मी तिकडं कशाला मरायला जातोय?"

"दहावीच्या वर्गात खोटं बोलताना तू असाच कान खाजवायचास."

गुरूने कानावरचा हात खाली घेतला. गडी तोंड फिरवून हसले. "कामं करा मेल्यांनो!" असं त्यांच्यावर ओरडून तो बाईंना विहिरीच्या कठड्यापाशी घेऊन गेला.

"गेलो होतो. पण चोरायला नाही, ठेवायला. ते ग्लोव्हजचे सहा जोड मीच ठेवले. दरवर्षी रात्री येऊन ठेवतो, बाई, यंदाच दिवसा गेलो. त्याला वाटतं मुंबईची कुठली संस्था पाठवते."

"आणि तोंडाने बोलायला काय होतं?"

"कुठल्या तोंडाने बोलू?" त्याने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. "त्या रात्री गाडीत तो नको नको म्हणत होता. मीच म्हटलं, 'आईने पहाटे उठून केलेत, दोन खाल्लेस तर मरशील काय?' त्याचं आयुष्य गेलं, बाई, माझ्या दोन घावण्यांपायी. कात्रीने त्याचे केस कापताना तो मलाच धीर देत होता. 'रडू नको गुरू, तुझी फाइट आहे उद्या.' असा माणूस! पेपरवाल्यांनी एवढं झोडपलं, पण माझं नाव नाही घेतलं त्याने. आई गेली तेव्हा अंगणाबाहेर उभा राहून गेला. मी पुढे झालो नाही. धीरच झाला नाही."

"बुधवारी काटा होता तिथे?"

गुरूने आठवून बघितलं. "मी दोनला गेलो. कोपरा रिकामाच होता. मला काय माहीत तिथं काटा असतो."

म्हणजे काटा गेला तो बुधवारी सकाळच्या वजनांनंतर, दुपारी दोनच्या आत. आखाडा तेव्हा बंद, रशीद सकाळच्या लिलावाला हिशेब लिहायला आणि जेवायला बहिणीकडे. आणि काटा चाळीस किलोंचा, हातगाडीशिवाय हलणार नाही असा.

"गुरू, दोन घावणे किती वजनाचे रे?"

"असतील शंभर ग्रॅमचे. फार तर दीडशे."

"आणि रशीद घरच्या वजनापेक्षा जास्त भरला तो चौदाशे ग्रॅम."

पायातलं कुसळ अचानक हाताला लागलं होतं. भिंतीवरचा तक्ता डोळ्यांपुढे उभा राहिला, दोन तारखांच्या दोन ओळी, सहा आकडे.

"गुरू, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "गट बदलायची मुदत आज पाचला संपते. ती पोरगी उद्या बाद होणार आहे!"

५

सानवीला शाळेतून घेऊन ते सुजयच्या जिममध्ये शिरले तेव्हा पावणेतीन वाजले होते. बाईंनी आधी काटा रिकामा बघितला. शून्य. मग सानवी चढली.

एकोणपन्नास तीनशे.

सानवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाई, शप्पथ, मी काल फक्त पेज प्यायले. सर काय म्हणतील?"

सर काय म्हणाले ते सव्वातीनला कळलं. आखाड्यात रशीदने आकडा ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काय खाल्लंस?"

ते शब्द तोंडातून निघाले आणि तो स्वतःच दचकला. हेच दोन शब्द सत्तावीस वर्षांपूर्वी सगळ्या गावाने त्याला विचारले होते. तो सानवीपुढे गुडघ्यावर बसला. "नाही गो बाय. चुकलो मी. तू खोटं बोलणार नाहीस."

मग त्याची नजर दाराकडे गेली. तिथे गुरू उभा होता.

"बसा सगळे," बाई म्हणाल्या, अगदी वर्गात म्हणाव्यात तशा. सुजय मागोमाग आलाच होता. आणि बाईंच्या निरोपावरून आसियाही आली होती, दारातच, आत न येता.

"हा तक्ता बघा. पंचवीस मार्च आणि अठ्ठावीस मार्च. सानवी, तुझ्यात किती फरक?"

"दीड किलो, बाई."

"नितेशचा?"

"एकाहत्तर दोनशेतून एकोणसत्तर सातशे... दीड."

"आणि महरीन? सुकटीसारखी पोर ती, तिच्यात?"

सानवीने बोटांवर मोजलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "दीडच!"

"तीन मुलं, तीन शरीरं. लठ्ठ पळाला तर जास्त घामेजतो, बारीक पळाला तर कमी. तिघं मोजून तेवढंच कधी कमी होत नाहीत. सगळ्यांचं सारखंच कमी झालं, तर माणसं नाहीत बदललेली. काटा बदललाय. मला हे काल दिसायला हवं होतं, पण मी प्रत्येक ओळ आडवी वाचली, उभी वाचली नाही."

रशीद तक्त्याकडे बघतच राहिला.

"म्हणजे अब्बांचा काटा दीड किलो कमी दाखवतो. आता प्रश्न राहतो, नेला कुणी? ज्याने घड्याळाला हात लावला नाही, त्याला पैशांशी कर्तव्य नव्हतं. काटा खोटा आहे हे ज्याला ठाऊक, त्यालाच तो हलवायची गरज. सुजयला ठाऊक असतं तर?"

"मी का नेला असता?" सुजय म्हणाला.

"तेच. सानवी चिपळूणला बाद झाली असती तर ती तुझ्याकडे आली असती. तू काटा जागेवरच राहू दिला असतास. रागावू नको, तिचं खरं वजन नजरेने ओळखलंस ते तूच. आणि गुरू? गुरूला ठाऊक असतं तर सत्तावीस वर्षं त्याने स्वतःच्या आईच्या घावण्यांना दोष दिला असता का?"

रशीदने झटकन मान वळवली. "घावण्यांना? गुरू, तू... तुला असं वाटत होतं?"

"तुला नाही वाटत?" गुरू पुटपुटला.

"मला वाटायचं माझी जीभ! तुझा काय संबंध?"

बाईंनी हात वर केला. "राहता राहिलं एक माणूस. मी फक्त काटा गेला म्हटलं, तर तो खोटा नव्हता असं आपणहून सांगणारं. आणि भर हंगामात ज्याच्या खोपटीत जाळ्यांचा डोंगर आहे."

आसिया आत आली. डोळे कोरडे होते.

"हातगाडीवरनं मीच नेला. दोन गडी लावून. जाळ्यांखाली आहे." ती रशीदकडे बघत म्हणाली. "मंगळवारी तुला डबा घेऊन आले, तर ही पोर त्या काट्यावर उभी. माझ्या काळजात धस्स झालं. पुन्हा तेच? म्हणून नेला. म्हटलं, काटाच नसला तर दुसरीकडे तोलाल. मला काय माहीत तू जुनाच आकडा धरून बसशील."

"आपा, तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"तू परत आलास त्याच्या महिन्याने अब्बांच्या लक्षात आलं. गुळाची सीलबंद ढेप तोलली त्यांनी, दीड किलो कमी भरली. मग आठवलं. दांडीला टोपलीपुरतं शिसं त्यांनीच बांधलं होतं, मासे तोलायला. बंदरावर सगळेच बांधायचे. माशांत कुणाचं नुकसान नव्हतं. पण तुला उभा करताना ते शिसं काढायचं कुणाच्या मनातच आलं नाही. तू टोपलीशिवाय चढायचास ना!" आता तिचा बांध फुटला. "काटा तसाच माळ्यावर टाकला त्यांनी, जेवणावरची वासनाच उडाली त्यांची. तू कुवेतला गेलास आणि इकडे ते गेले. जाताना माझा हात धरून म्हणाले, त्याला कळू देऊ नको, त्याचा बाप त्याच्या नजरेतून उतरेल."

रशीद उठला. भिंतीपाशी गेला. ते चार गंजके ठसे बघत उभा राहिला. त्याची रुंद पाठ सगळ्यांकडे होती, आणि ती आता हलेल की कोसळेल हे कुणालाच सांगता येईना.

६

"रोज," शेवटी तो म्हणाला. "रोज पहाटे पाचला. होडी लागायच्या आधी. पावसात पोतं डोक्यावर घेऊन यायचे. रत्नागिरीत कुणाचा बाप पोराला रोज तोलायचा, सांग आपा? आणि तो माझ्या नजरेतून उतरेल?"

त्याने बहिणीचं डोकं छातीशी धरलं. मग घड्याळ बघितलं आणि एकदम प्रशिक्षक झाला.

"चार वाजले! सानवी, पन्नासच्या गटात उतरशील? तिथे कोल्हापूरची पोरगी आहे, तगडी."

"सर, तेराशे ग्रॅम मी रात्रीत कमी करते ना," सानवी कळवळून म्हणाली. "पळते, पाणी पीत नाही..."

"अजिबात नाही!" एवढा मोठा आवाज त्या कारखान्यात कुणी ऐकला नव्हता. लगेच तो मऊ झाला. "मी थुंकून बघितलंय गो. त्याने ठोसा मारायला ताकद राहत नाही. तू आहेस तेवढी घेऊनच रिंगमध्ये जा."

चार वाजून बारा मिनिटांनी चिपळूणला फोन लागला आणि गट बदलला.

हातगाडीवरून काटा परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. दांडीच्या टोकाला, पत्र्याच्या टोपणाखाली, तांब्याच्या तारेने बांधलेलं जाळ्याचं शिसं होतं. सुपारीएवढंसुद्धा नाही. बाईंनी ते तळहातावर घेतलं.

"पंधरा ग्रॅम असेल. या काट्यात टोकाचा एक ग्रॅम पाट्यावरच्या शंभर ग्रॅमना तोलून धरतो. म्हणून एवढ्याशाने दीड किलो. सानवी, चढायच्या आधी काय बघायचं?"

"शून्य, बाई."

"मी हे दरवर्षी सहावीला शिकवायचे," बाई म्हणाल्या आणि रशीद-गुरूकडे बघितलं. "तुम्ही दोघं त्या दिवशी मैदानावर असणार."

"बाई, मैदानावर तुम्हीच सोडलं होतंत आम्हाला," गुरू म्हणाला. "जिल्ह्याची स्पर्धा होती ना."

बाईंना हसावं की डोळे पुसावं ते कळेना, म्हणून त्यांनी छत्री शोधायला घेतली. शिसं आसियाने मागून घेतलं. जाळ्याचं होतं, जाळ्याला परत लावते म्हणाली.

शनिवारी सकाळी चिपळूणला रांग लागली होती. सानवीचा नंबर आला तशी ती वाकली आणि काट्याच्या आकड्याकडे बघत राहिली.

"चढ की गो, मागे पोरी आहेत," टेबलामागचे म्हातारे पंच म्हणाले.

"शून्य बघत्येय, सर."

"कुणी शिकवलं हे?"

"रत्नागिरीच्या होडेकर सरांनी."

पंचांनी चष्मा सारखा करून मागे उभ्या रशीदकडे बघितलं. "होडेकर? अठ्ठ्याण्णवचा हातोडा? अरे, राज्याची तुझी फायनल मी बघितलीय! तो डावा हात मी नंतर कुणाचा बघितला नाही. पुढे काय झालं रे तुझं?"

सत्तावीस वर्षं हा प्रश्न आला की रशीद मान खाली घालायचा. आज नाही घातली.

"वजनात बाद झालो, सर. काट्याच्या दीड किलोने."

सानवी चढली. एकोणपन्नास तीनशे. पंचांनी कागदावर खूण केली आणि ती काट्यावरून उडी मारून खाली आली. दुपारची लढत तिने जिंकली. रविवारी कोल्हापूरच्या पोरीकडून एका गुणाने हरली. सुजलेलं नाक घेऊन ती हसत होती आणि पुढच्या वर्षी बघून घेते म्हणत होती. पण ते नंतरचं.

वजन झाल्याबरोबर गुरूने पिशवीतून डबा काढला. आत केळीच्या पानात गुंडाळलेले घावणे, नारळाचा रस वेगळा.

"बायकोने पहाटे उठून केलेत," तो डबा सानवीपुढे धरत म्हणाला, पण बघत होता रशीदकडे. "आता खाल्लं तर चालतं ना?"

सानवीच्या आधी रशीदने हात घातला. एक घावणा उचलला, घडी केली, रसात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. मग दुसरा घेतला.

"दोनच?" गुरूने विचारलं.

"थांब मेल्या," रशीद तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "सत्तावीस वर्षांचे राहिलेत."